पावणेतीन तोळ्यांचा पणजोबा

बुऱ्हाणपूर

राजमान्य राजश्री, चांदीचे पारखी, घराण्याचे उद्धारकर्ते यांस,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मायन्यात आपलं नाव नाही, याबद्दल राग नसावा. नाव ठाऊक असतं तर हे पत्र असं उघड्यावर लिहायची वेळच आली नसती. घरी येऊन, चहा घेऊन, समोरासमोर बोललो असतो. पण आपण नेमके कोण, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. थोरल्या काकांकडच्यांना वाटतं, धाकट्या काकांनी केलं. धाकट्यांकडच्यांचा संशय आत्याबाईंच्या यजमानांवर. आत्याबाई म्हणतात, माझ्या लग्नाचं खापर माझ्या माथी फोडू नका. आणि ज्यांना खरं माहीत असावं ती मंडळी एकतर देवाघरी गेली, नाहीतर त्यांना बरोबर हाच प्रश्न ऐकू येत नाही. म्हणून आपलं ‘आपण’. शिवाय आदरार्थी बहुवचनाची आणखी एक सोय आहे: आपण एकापेक्षा जास्त असाल तरी पत्र बदलावं लागत नाही.

घरातलेच आहात, यात मात्र शंका नाही. बाहेरचा चोर असता तर त्याने शेजारची समई सोडली नसती.

आपल्याला कदाचित आठवत नसेल, म्हणून प्रसंग थोडक्यात सांगतो. टेक्सासच्या हंट बंधूंनी जगातली चांदी गोळा करायचा घाट घातला आणि १९८०च्या जानेवारीत चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या घरात पोचली. वर्षभरापूर्वी तीच सहा डॉलरच्या आसपास होती. न्यूयॉर्कला ठिणगी पडली की बुऱ्हाणपूरच्या सराफ्यात धूर निघायला वेळ लागत नाही. त्यात घरात लग्न. आपली नजर देव्हाऱ्याकडे गेली. देव्हाऱ्यात टाकांच्या रांगेत एक जाड, गोल, रुपयापेक्षा मोठं असं काहीतरी होतं. आपण ते उचललं, नेलं, तोललं, वितळवलं. मार्चच्या २७ तारखेला अमेरिकेत चांदीचा बाजार कोसळला; त्या दिवसाला तिकडे ‘चांदीचा गुरुवार’ म्हणतात. तोवर आपलं काम झालेलं होतं. वेळ साधावी ती आपणच.

ते जे ‘काहीतरी’ होतं, ते पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल. माझ्या पणजोबांचं. ३६ मिलिमीटर व्यासाचं, वजनाला एक औंसाच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशेबाने पावणेतीन तोळे. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष, घोड्याच्या टापेखाली ढाल आणि कवटी. कोरणाऱ्याच्या मनात तो सेंट जॉर्ज होता. माझ्या पणजीला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या दृष्टीने घोड्यावर बसलेला आणि दैत्याचं मुंडकं तुडवणारा देव जगात एकच, तो जेजुरीचा. मुंडकं मल्लाचं. अंगावर कपडा नाही ही गोष्ट तिला खटकली असावी, पण रोजच्या भंडाऱ्याने ती अडचण हळूहळू झाकली गेली. मग आजीनेही तेच चालवलं. एका इंग्रज संताचा साठ वर्षं आमच्या घरात यळकोट होत राहिला आणि त्याचीही काही तक्रार आल्याचं ऐकिवात नाही.

आपण खंडोबा मोडला असं समजून त्या काळी घरात दोन दिवस रडारड झाली म्हणतात. मल्हारी आपल्याला क्षमा करो. तो त्याचा आणि आपला प्रश्न आहे. माझं भांडण देवाबद्दल नाही, कडेबद्दल आहे.

त्या पदकाच्या कडेवर अक्षरं होती. वडिलांना लहानपणी पाहिलेली आठवतात. बोट फिरवलं की खरखरीत लागायची, आणि खाचांत भंडारा गच्च बसलेला. इंग्रजी वाचणारं तेव्हा घरात कुणी नव्हतं आणि जे पुढे वाचायला शिकले त्यांना देवाची कड वाचायचं सुचलं नाही. त्या अक्षरांत काय असतं, ते आपण विचारलं नाहीत, तरी सांगतो. आधी शिपायाचा नंबर. मग हुद्दा. मग नाव. मग पलटण. सरकारने स्वतःच्या टाकसाळीतून, स्वतःच्या ठशांनी, धातूत दाबून दिलेला दाखला. त्याला वाळवी लागत नाही, पुरात तो भिजत नाही, कारकून बदलला म्हणून हरवत नाही. त्याचा नाश करायला साडेनऊशे अंशांच्या वर तापलेली मूस लागते आणि अत्यंत जवळचा नातेवाईक लागतो.

आता आपण म्हणाल, एवढं काय त्यात? सरकारी माणूस होता, सरकारकडे नोंद असेलच की. अगदी हेच मलाही सगळे म्हणाले. म्हणून मी शोधायला लागलो, आणि जिथे जिथे चौकशी केली तिथे मला एकच प्रश्न विचारण्यात आला: नंबर काय?

पणजोबांचं नाव आहे, म्हटलं. नाव चालत नाही. त्या नावाचे आणि आडनावाचे शिपाई कुठल्याही मराठा पलटणीत डझनाने असत, आणि इंग्रजीत उतरवताना कारकुनाने ते कसं ऐकलं यावर पुढचं सगळं अवलंबून. गाव आहे, म्हटलं. गाव म्हणजे कुठलं? तेव्हाचा निमाड जिल्हा, ठाणं खंडवा, प्रांत मध्य प्रांत आणि वऱ्हाड, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ला नागपूर एका राज्यात गेलं आणि आम्ही दुसऱ्या. २००३ साली बुऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. आमचं घर जागचं हललेलं नाही, पण त्याचा जुना कागद शोधायचा तर नागपूर, भोपाळ आणि दिल्ली अशी तीन तोंडं. (भाषेचंही तसंच. रावेरला आमच्या मराठीला हिंदी समजतात आणि खंडव्याला आमच्या हिंदीला मराठी.)

बरं, नंबर मिळाला तरी पलटण लागतेच. त्या काळी प्रत्येक पलटणीची आपापली क्रमवारी असे, म्हणजे एकच आकडा अनेक पलटणींत अनेक शिपायांचा. आणि पलटणी तरी कुठे जागेवर राहिल्या? १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ अशा सहा मराठा पलटणी १९२२ साली एकत्र करून त्यांची ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ झाली. आज त्या घराण्याचं केंद्र बेळगावला आहे. १९१७ साली उभी केलेली १११वी महार पलटण युद्धानंतर १९२१मध्ये मोडलीच. आजची महार रेजिमेंट १९४१ची, तिचं केंद्र आमच्याच मध्य प्रदेशात सागरला. पणजोबा नुसते खेचरांच्या तांड्याबरोबर किंवा हमालांच्या तुकडीत गेले असतील तर आणखीनच वेगळी वाट. पण हमालांना आणि मजुरांना तेच पदक ब्राँझचं मिळे. पणजोबांचं चांदीचं होतं, एवढा एक धागा आपण हाती ठेवलात, कारण ते चांदीचं नसतं तर आपण त्याला हातच लावला नसता. म्हणजे पणजोबांच्या लष्करी कारकिर्दीचा जो एकमेव पुरावा आज उरला आहे, तो आपला गुन्हा. याबद्दल ऋणी आहे.

घरात सांगतात, पणजोबा बसऱ्याला होते. समुद्रापार गेलेल्या दहा लाखांहून अधिक हिंदी माणसांतली सर्वांत जास्त मेसोपोटेमियात गेली आणि ती बहुतेक सगळी बसऱ्याच्याच धक्क्यावर उतरली. तेव्हा ‘बसऱ्याला होते’ यातून ‘बोटीने गेले’ यापलीकडे काही कळत नाही. आता ही कड असती तर पाहा. ११०वी पलटण निघाली असती, तर पणजोबा कूटच्या वेढ्यात सापडले असते. डिसेंबर १९१५पासून २९ एप्रिल १९१६पर्यंत जनरल टाउनशेंडची फौज त्या गावात कोंडली गेली. घोडे आणि खेचरं कापून शिधा पुरवावा लागला, आणि ते मांस खायला कित्येक हिंदी शिपाई बरेच दिवस तयार होईनात. शेवटी सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या हाती लागली आणि वाळवंटातून चालवत नेलेल्या त्या कैद्यांतले हजारो परतले नाहीत. ११४वी निघाली असती, तर ऑक्टोबर १९१८ची शरकातची लढाई, म्हणजे युद्ध संपायला दोन आठवडेही उरले नसताना झालेली कत्तल. म्हातारपणी पणजोबा घोड्याला चाबूक मारणाऱ्या टांगेवाल्याशी भांडत, असं वडील सांगतात. ते कूटमुळे, की स्वभावच तसा होता? कडेवरचे तीन आकडे एवढं सांगू शकले असते. आपण त्यांची किंमत तोळ्यावर केलीत.

कागदांचं काय झालं, हेही विचाराल. डिस्चार्जचा कागद होता, तो ट्रंकेत वाळवीने खाल्ला. वाळवीला मी माफ केलं आहे. तिला अक्षरओळख नाही.

आणि सरकारी कागद? लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची दप्तरं १४ किलोमीटर लांबीच्या फडताळांवर आहेत. गोऱ्या अधिकाऱ्याने कुठे बदली मागितली, कधी लग्न केलं, त्याच्या विधवेला किती मिळालं, सगळं आहे. साध्या हिंदी शिपायाची सेवेची नोंद त्यात नाही. ती पलटणीच्या डेपोत राहत असे आणि डेपोबरोबर फिरे, मोडे, रद्दीत जाई. लढाईपुरते भरती झालेले बहुतेक जण पेन्शनही न घेता घरी आले, म्हणून पेन्शनच्या वहीतही ते नाहीत. इंग्रज शिपायांचेही कागद गेले, नाही असं नाही. सप्टेंबर १९४०मध्ये लंडनच्या गोदामावर बॉम्ब पडले आणि पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या निम्म्याहून जास्त फायली जळाल्या. पण त्यासाठी जर्मनीला विमानं पाठवावी लागली. आपण तेच काम फुंकणीवर भागवलंत.

या शोधात मला कळलेली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट अशी, की पणजोबा मेले असते तर सापडले असते. खोटं नाही सांगत. युद्धात मेलेल्यांची यादी राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाकडे आहे. नाव घातलं की नंबर, पलटण, तारीख, कधीकधी बापाचं नाव आणि गावसुद्धा. दिल्लीच्या इंडिया गेटवर १३ हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत. जो परत आला, ज्याने शेत कसलं, मुलं वाढवली, ज्याच्यामुळे आपण आणि मी दोघे जन्माला आलो, त्याची यादी कुणी केली नाही. पणजोबांचा अपराध एवढाच की ते जगले.

मेलेल्यांनाही काही सरळ न्याय मिळाला, असं समजू नका. बसरा स्मारकावर ४० हजारांहून अधिक माणसांची आठवण आहे. तिथे गोऱ्यांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा घातला: इतके इतके. २०२१ साली आयोगाने स्वतःच अहवाल काढून मान्य केलं की हिंदी आणि आफ्रिकी सैनिकांच्या बाबतीत भेदभाव झाला. निदान एक लाख सोळा हजार माणसांची नावानिशी आठवण ठेवली गेली नाही, कदाचित कितीतरी जास्त जणांची. शंभर वर्षांनी का होईना, कबुली दिली. आपल्याकडून तेवढ्याच मुदतीत काही येईल अशी आशा धरावी काय?

त्याच स्मारकाची आणखी एक हकीकत आपल्यासाठी मुद्दाम सांगतो. ते मूळ बसऱ्याच्या गोदीजवळ होतं. १९९७मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते सगळं उचलून गावापासून ३२ किलोमीटरवर, नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन पुन्हा उभारलं. सद्दामबद्दल कुणी काहीही म्हणो, त्याला इंग्रजांच्या स्मारकाची काडीची गरज नव्हती. तरी त्याने ते विकलं नाही.

पंजाबचं उदाहरण देऊ? नको म्हणाल, तरी देतो. युद्ध संपल्यावर पंजाब सरकारने गावोगावच्या शिपायांच्या नोंदवह्या केल्या. त्या लाहोरच्या संग्रहालयात जवळजवळ शतकभर कुणी न उघडता पडून होत्या. त्यात सुमारे तीन लाख वीस हजार माणसं आहेत, आणि २०२१पासून त्या हळूहळू सगळ्यांना पाहायला खुल्या होत आहेत. जालंधरकडचा पणतू आज लंडनमध्ये बसून आपल्या पणजोबाचं नाव शोधतो. तिथल्या कारकुनांनी वेगळं काही केलं नाही. त्यांनी फक्त वह्या जागच्या हलवल्या नाहीत. आळसाचेही काही उपयोग असतात. आपण तेवढा आळस दाखवला असतात तर!

आणि हे सगळं व्हावं कुठे, तर बुऱ्हाणपुरात. या गावाला मेलेल्यांची किती काळजी! १६३१ साली मुमताजमहल इथे बाळंतपणात गेली, तापीपलीकडे झैनाबादच्या आहूखान्यात तिला ठेवलं, आणि पुढे तिथून काढून आग्र्याला नेलं. आमचा रिक्षावाला आजही परक्याला ती रिकामी जागा दाखवून पैसे घेतो. मिर्झाराजे जयसिंग १६६७ला इथे वारले, त्यांची छत्री तापीकाठी उभी आहे. लुटीलाही आम्ही नवखे नाही. १६८१च्या सुरुवातीला संभाजी महाराजांच्या फौजेने बहादूरपुऱ्यासह आमचे पुरे लुटले, तेव्हा गावातल्या प्रतिष्ठितांनी औरंगजेबाकडे तक्रार धाडली, आणि त्याच वर्षाखेर बादशहा स्वतः बुऱ्हाणपुरात येऊन दाखल झाला. देव्हारा लुटला गेल्यावर आमच्या घरून तक्रार कुणाकडे गेली? कुणाकडेच नाही. लग्नघर होतं, वऱ्हाडाला मावा जिलबी किती सांगायची, हा प्रश्न जास्त तातडीचा होता.

औरंगजेबाचं नाव निघालं म्हणून सांगतो. मोगल फौजेत स्वार दाखल झाला की त्याचा ‘चेहरा’ लिहीत. नाव, बापाचं नाव, रंग, कपाळ, भुवया, कुठे तीळ, कुठे देवीचे व्रण, कुठे जखमेची खूण. त्याच्या घोड्याचा रंग आणि त्यावरचा डागसुद्धा. पगार खाऊन दुसराच माणूस उभा करू नये, म्हणून ही खबरदारी. दख्खनच्या सुभ्यांतले असे कागद आज हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवलेले आहेत. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कुणा स्वाराच्या डाव्या गालावर तीळ होता, हे मला कळू शकतं. त्याच्या घोड्याची माहिती मिळते. माझ्या पणजोबांना मिशा होत्या की नाही, यावर आमच्याकडे वाद आहे.

पणजोबांचा कागदोपत्री पत्ता मला शेवटी एकाच ठिकाणी लागला, नाशिकला, तीर्थोपाध्यायांच्या वहीत. बापाच्या अस्थी घेऊन ते गोदावरीवर आले होते तेव्हाची नोंद: गाव, बाप, आजा, भाऊ, मुलगे. खाली मोडीत सही. हाताची सही, हे विशेष, अंगठा नाही. पलटणीचा उल्लेख नाही, कारण पिंडदानाला पलटण लागत नाही. पण उपाध्यायांनी पिढ्यान् पिढ्या ती वही जपली. पुढच्या यजमानाच्या दक्षिणेसाठी जपली, असं आपण म्हणाल. म्हणा. त्यांना वहीतून दरवेळी थोडं मिळत राहिलं. आपण एकदाच घेतलंत आणि तेही मोडीच्या भावाने. साधा व्यवहार म्हणून पाहिलं तरी आपला तोटा आहे.

कड नाहीशी झाल्याचा एक फायदा झाला, तो मात्र आपल्या खाती जमा करतो. पणजोबांना बढत्या मिळायला लागल्या. वडिलांच्या लहानपणी ते शिपाई होते. माझ्या मुंजीत कुणीतरी त्यांना नाईक म्हणाल्याचं आठवतं. चुलतभावाच्या लग्नात हवालदार झाले. हल्ली पुण्याला स्थायिक झालेल्या शाखेने पत्रिकेवर ‘सुभेदार घराणं’ छापायला घेतलं आहे आणि एका भाच्याने त्यांना सामाजिक माध्यमांवर व्हिक्टोरिया क्रॉससुद्धा देऊन टाकला. पुरावा मागणारी वस्तूच उरली नसल्याने कुणाची जीभ अडखळत नाही. कडेवर ‘सिपॉय’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं, तर या घरातल्या निम्म्या लोकांनी ते पदक आपल्याआधीच वितळवलं असतं, असा मला दाट संशय आहे. कदाचित आपण तसं जाणूनच केलंत? घराण्याच्या अब्रूसाठी? तसं असेल तर आपण मला वाटलं त्यापेक्षा फार दूरदर्शी आहात, आणि ही एक ओळ मी मागे घेतो.

पण मला शिपाईच हवा होता. निमाडच्या कोरडवाहू शेतातून उठून, समुद्र कधी न पाहिलेला, बोटीवर ओकत ओकत गेलेला आणि परत येऊन त्याबद्दल घरात कुणाला फारसं काही न सांगितलेला. सुभेदारांच्या हकीकती पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत.

त्या चांदीचं पुढे काय झालं असेल, याचाही मी विचार केला. बुऱ्हाणपूर हे पिढ्यान् पिढ्या चांदीची तार ओढणारं गाव. टाव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात इथून गेला, त्याने लिहून ठेवलंय की इथलं जरीकामाचं कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, कैरोपर्यंत जातं. तारकशांची ती आळी १९८०पर्यंत बरीच विझली होती, तरी पूर्ण नाही. तेव्हा पणजोबा एखाद्या शालूच्या पदरात गेले असतील. किंवा कुणाच्या बारशातल्या वाटीत. आत्याबाईंच्या रुखवतात एक चांदीचं निरांजन होतं, ते कुणी, कशातून घडवलं, हे त्या सांगत नाहीत. मी त्यांना एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “घेऊन जा बाबा, पण आता विषय सोड.” नेलं नाही. त्याला कड आहे, पण ती नक्षीची.

आपल्या बाजूने बोलायचं तर गरज होती, हे मान्य. लग्न सोपं नव्हतं. गिरणीच्या पगारात, यंत्रमागाच्या मजुरीत त्या काळी चांदी विकूनच लग्नं होत, त्यात लाज काय! मेसोपोटेमियाच्या उन्हात कमावलेली चांदी नातीच्या लग्नात कामी आली, तर पणजोबांनी स्वतः काढून दिली असती. पण वितळवायच्या आधी फडक्याने कड पुसून, शाळेत जाणाऱ्या कुठल्याही पोराकडून ती अक्षरं वहीत उतरवून घ्यायला किती वेळ लागला असता? वडील तेव्हा कॉलेजात होते आणि वरच्या माडीवर अभ्यास करत होते. आपण त्यांना हाक मारली नाहीत, कारण हाक मारली असती तर त्यांनी पदक परत देव्हाऱ्यात ठेवलं असतं. म्हणजे ती वस्तू कुणाची आणि काय आहे, हे आपल्याला ठाऊक होतं. इथे माझी थट्टा संपते. गरजेपोटी विकलंत, हा गुन्हा नाही. न सांगता विकलंत आणि आजवर गप्प राहिलात, हा आहे. आणि त्यासाठी वंशावळीच्या तक्त्यात पणजोबांच्या नावापुढे, पलटणीच्या रकान्यात, मी ‘घरच्यांनी वितळवली’ एवढं लिहून ठेवलं आहे. आपलं नाव कळलं की तेही भरीन. जागा सोडली आहे.

आपण हयात असाल आणि कडेवरचं एखादं अक्षर, एखादा आकडा जरी आठवत असेल, तर चिठ्ठीवर लिहून देव्हाऱ्यात ठेवा. कुणी ठेवली, असं विचारणार नाही.

आपला,
चौथ्या पिढीतला वारस

ता. क. हे पत्र दुसऱ्याचं असूनही आपण वाचलंत, तर वाचकहो, तुमच्यासाठी दोन शब्द. घरात देव्हाऱ्यात, जुन्या डब्यात, आजीच्या पेटीत राजाचं डोकं असलेलं जाड नाणं असेल तर ते टांगायला वर पट्टी किंवा कडी आहे का पाहा. असेल तर कड कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसा. चिंच, राख, पावडर काही लावू नका. आकडा, हुद्दा, नाव, पलटण या क्रमाने जे दिसेल ते जसंच्या तसं, चुकीचं वाटलं तरी न सुधारता उतरवून घ्या आणि कडेचे चारी बाजूंनी फोटो काढून घरातल्या सगळ्यांना पाठवा. मग विकायचं तर खुशाल विका.